चाकांवरचे बिऱ्हाड आणि मेळघाटची रात्र

गाडीतच अंथरूण आणि स्टोव्ह घेऊन हिंडणाऱ्यांनो, धारणीहून हरिसालच्या रस्त्याला लागलात की प्रश्न पडतो, रात्री गाडी लावायची कुठे? सिपनेचा काठ मोह घालतो. सागाची सावली, जवळ पाणी! पण उन्हाळ्यात नदीत डोहच तेवढे उरतात, अन् गवे, अस्वले, एखादे वेळी वाघही तिथेच पाण्यावर येतात. त्यांची वाट अडवून आपण निजायचे? 1973 साली व्याघ्र प्रकल्पासाठी निवडलेल्या पहिल्या नऊ रानांपैकी हे एक. सेमाडोह किंवा कोलकासला उतरायचे, तर वनखात्याला आधीच विचारा. नाही म्हणाले तर हुज्जत नको. चिखलदरा थंड खरा, पण घाटात लांब गाडीचे हाल! सरळ दिवस मावळायच्या आत धारणीला परता, एखाद्याच्या अंगणाशी विचारून गाडी लावा, अन् पाणी तिथेच भरून घ्या.