आपली शिकण्याची रीत आणि पुढचें शिक्षण



बारावीचा निकाल लागला कीं मोडनिंबच्या थांब्यावर एक दृश्य दरवर्षीं दिसतें. बाप हातांत कागदांची पिशवी घेऊन उभा असतो, शेजारीं मुलगी किंवा मुलगा. आणि सोलापूरची गाडी धरावी कीं पुण्याची, याचा निर्णय अजून व्हावयाचा असतो. अशा वेळीं हल्लीं एक नवा सल्ला मिळतो : "आधीं मुलाची शिकण्याची शैली तपासून घ्या." कोणी डोळ्यांनीं शिकतो, कोणी कानांनीं, कोणी वाचून-लिहून, तर कोणी हातांनीं करून. ही चौपदरी मांडणी न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांनीं १९९२ सालीं पुढें आणली. थोड्या प्रश्नांचीं उत्तरें दिलीं कीं निदान तयार !

माझ्या परिचयाच्या एका मुलीला अशाच चाचणीनें "तूं कानांनीं शिकणारी" असें सांगितलें. तिला गणित मनापासून आवडे. परंतु गणित तर फळ्यावर पाहून शिकावयाचें. तेव्हां तो आपला प्रांत नव्हे, अशी तिची समजूत झाली, आणि तिनें अर्ज बदलण्याचें ठरविलें. एका कागदानें एका आयुष्याचा रस्ता वळूं पाहत होता.

हॅरोल्ड पॅश्लर व त्यांचे तीन सहकारी यांनीं २००८ सालीं या विषयावरील संशोधन तपासून पाहिलें. ज्याची जी शैली तीच धरून शिकविल्यास तो अधिक शिकतो, या म्हणण्याला पुरेसा आधार त्यांना सांपडला नाहीं. आवड खरी असते. पण आवड म्हणजे कुवत नव्हे. शिवाय साधन बहुधा विषयच ठरवितो. नकाशा ऐकून कळत नाहीं, उच्चार पाहून येत नाहीं, आणि बोरीला डोळा भरावयाचा तर चाकू हातांतच घ्यावा लागतो. आमच्याच माढा तालुक्यांतील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकाच्या पानावर त्यांनीं जी चौकोनी खूण आणली, तिच्या योगें तेंच मूल कविता ऐकतें आणि चित्रही पाहतें. त्यासाठीं त्याला कानवाल्यांत किंवा डोळेवाल्यांत नांव घालावें लागत नाहीं.

मग स्वतःला ओळखावयाचें तें कसें ? रोडिगर व कार्पिके यांचा २००६ सालचा एक प्रयोग मला मोलाचा वाटतो. कांहीं विद्यार्थ्यांनीं उतारा पुनःपुन्हां वाचला. इतरांनीं तो मिटून आठवून लिहिला. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां वाचणारे पुढें होते. आठवड्यानें घेतली तेव्हां आठवून लिहिणारे! (पोथीकडे न पाहतां अभंग म्हणणाऱ्या पंढरीच्या वारकऱ्याला यांत नवल वाटणार नाहीं.) आपणही एक प्रकरण घ्या, पुस्तक मिटा, आठवेल तें लिहा, आणि आठ दिवसांनीं पुन्हां पाहा. चाचणीच्या कागदाहून ही वही अधिक खरें बोलेल.

महाविद्यालय निवडतांना तपासण्यासारख्या गोष्टी याहून साध्या आहेत. कोणी मागें लागल्यावांचून तुम्ही अभ्यासाला बसतां काय ? नाशिकच्या मुक्त विद्यापीठानें १९८९ पासून घरीं राहून पदवी घेण्याची सोय केली आहे. पण तेथें वेळापत्रक स्वतःच पाळावें लागतें. रोज किती तास प्रवासांत जाणार ? प्रयोगशाळा पुरेसा वेळ खुली असते काय ?

आणि भाषा ! मराठींतून शिकलेला मुलगा पहिल्या वर्षीं इंग्रजी व्याख्यानाला बसतो, त्याला अर्धें कळत नाहीं, आणि तो म्हणतो, "मला ऐकून समजत नाहीं." कानाचा यांत कांहीं दोष नाहीं. त्यानें आदल्या रात्रीं धडा वाचून अनोळखी शब्द काढून ठेवले, तर तेंच व्याख्यान पुष्कळसें उमगूं लागतें. ही अडचण शैलीच्या नांवावर खपल्यामुळें किती मुलांनीं विज्ञान सोडलें असेल, या विचारानें मी अस्वस्थ होतों.

त्या मुलीनें अर्ज बदलला नाहीं. ती सोलापुरांत गणितच शिकत आहे. प्रमेय मात्र ती अजूनही मोठ्यानें म्हणते, आणि वसतिगृहांतील तिच्या खोलीवरची मैत्रीण त्यामुळें पार कंटाळून गेली आहे.