पायाखालचे जोते



घरांच्या प्रश्नावर शाळामास्तराने काय बोलावे, असे काहींस वाटेल. आम्ही आठ वर्षांत पाच बिऱ्हाडे बदलली. तेवढा अधिकार पुरे. दोनदा तर आमचे नाव ऐकताच खोली ‘कालच गेली’ असे कळले. असो.

आपल्याच इंदूरची अरण्य वसाहत पाहा. बाळकृष्ण दोशी यांनी १९८० नंतरच्या दशकात ती आखली. सुमारे ८५ हेक्टर जमीन, साडेसहा हजारांच्या आसपास घरे. गरिबास तयार घर न देता लहानसा भूखंड, जोते, पाणी, संडास व न्हाणी द्यावी, आणि भिंती ज्याने त्याने कमाईप्रमाणे चढवाव्यात, ही त्यातील मुख्य कल्पना. नमुन्यादाखल ८० घरे बांधून दाखविली. १९९५ साली तिला आगाखान वास्तुकला पारितोषिक मिळाले.

महोत्सवी निधीतून चार पक्की घरे बांधावीत, असा ठराव आपल्यापुढे आहे. आमचे म्हणणे, त्याच पैशांत जोती व न्हाण्या बांधाव्यात. कुटुंबे अधिक सामावतील. आमच्या वर्गातील एक मुलगा जिन्याखाली बसून अभ्यास करतो. त्याचे वडील गवंडी आहेत.