डायलिसिसचा रुग्ण आणि हिपॅटायटिस सी



मूत्रपिंडे निकामी झाली की यंत्राद्वारे रक्त शुद्ध करून घ्यावे लागते. यालाच हिमोडायलिसिस म्हणतात. आठवड्यातून साधारणतः ३ वेळा, दरवेळी सुमारे ४ तास. म्हणजे वर्षातून दीडशे वेळा रुग्णाचे रक्त शरीराबाहेर येऊन परत जाते. जगण्यासाठी धरलेल्या याच वाटेने यकृताचा एक रोग शिरू शकतो. तो म्हणजे हिपॅटायटिस सी.

हा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. त्यापूर्वी दात्याच्या रक्तात तो शोधण्याची सोय नव्हती. मूत्रपिंडाच्या रुग्णाला रक्तक्षय होतो, म्हणून बाटल्यांमागून बाटल्या रक्त द्यावे लागे. जितक्या बाटल्या अधिक, तितका धोका अधिक. आता रक्तपेढीत तपासणी होते आणि एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनांमुळे रक्ताची गरजही घटली आहे. ही वाट अरुंद झाली.

तरीही जितकी वर्षे डायलिसिस, तितका धोका वाढतोच. मग दोष यंत्राचा काय? आम्ही म्हणतो, बहुधा नाही. दोष हाताचा असतो. एका रुग्णाचे हातमोजे न बदलता दुसऱ्याला हात लावणे, हेपॅरिनची एकच कुपी अनेकांसाठी वापरणे, औषधांची ट्रॉली खाटेखाटेपाशी फिरवणे, खुर्ची व चिमटे न पुसणे, यांतून हा रोग पसरतो. डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा थेंबही पुरतो आणि वाळलेल्या थेंबातही विषाणू कित्येक दिवस टिकतो.

म्हणूनच हिपॅटायटिस बी झालेल्यासाठी वेगळे यंत्र ठेवतात, पण सी झालेल्याला वेगळे बसवण्याची शिफारस नाही. वेगळी खोली हा स्वच्छतेला पर्याय नव्हे. अशा रुग्णाला घरात वेगळे ताट-वाटी देणे तर निव्वळ अज्ञान होय. जेवणातून किंवा स्पर्शातून हा रोग होत नाही.

या रोगावर लस नाही. लक्षणेही बहुधा दिसत नाहीत. म्हणून डायलिसिस सुरू करताना आणि पुढे दर ६ महिन्यांनी रक्ततपासणी हवी. रोग निघाला तरी खचू नये. २०१३ नंतर आलेल्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण ८ ते १२ आठवड्यांत बरे होतात, डायलिसिसवरचेसुद्धा. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. मात्र बरा झालेल्याला पुन्हा लागण होऊ शकते, हे विसरू नये.

परिचारिकेवर अनेक रुग्णांचा भार असतो, हे आम्ही जाणतो. पण हात स्वच्छ करायला अर्धे मिनिट पुरते. नातेवाइकांनो, "ताई, मोजे बदलले का?" असे विचारायला संकोच करू नका. विद्यार्थी मित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी त्या खाटेपाशी उभे राहील. तेव्हा एवढे ध्यानात ठेवा: रुग्ण आपले रक्त तुमच्या हाती सोपवून निश्चिंत पडलेला असतो. त्याच्या विश्वासाला जागा.