सही कोणाची? व्यावसायिक सेवांचा जागतिक व्यापार आणि भारत



आंतरराष्ट्रीय व्यापार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बंदर, जहाज आणि मालाचे कंटेनर उभे राहतात. आमच्या विद्यार्थिदशेतील पाठ्यपुस्तकांत सेवांच्या देवघेवीला 'अदृश्य बाबी' म्हणत आणि व्यवहारतोलाच्या प्रकरणात तिला एखादा परिच्छेद मिळे. आज हे चित्र पालटले आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात भारताची वस्तुनिर्यात सुमारे ४३७ अब्ज डॉलर, तर सेवानिर्यात सुमारे ३८७ अब्ज डॉलर होती. वस्तुव्यापारातील आपल्या तुटीचा मोठा भाग सेवांमधील आधिक्यामुळे भरून निघतो.

या सेवानिर्यातीपैकी हिशेबतपासणी, करसल्ला, कायदा, अभियांत्रिकी आराखडे अशा व्यावसायिक सेवांविषयी मी आज बोलणार आहे. या सेवांनाही पुरवठा साखळी असते. मात्र वस्तूंच्या साखळीत आयात शुल्क आडवे येते, तर येथे वेगळाच प्रश्न आडवा येतो. तो म्हणजे, अंतिम कागदावर सही करण्याचा अधिकार कोणाला?

एका विवरणपत्राचा प्रवास

अमेरिकेतील व्यक्तिगत प्राप्तिकराचे विवरणपत्र साधारणपणे १५ एप्रिलपर्यंत भरावे लागते. त्यामुळे तेथील लेखापाल संस्थांवर जानेवारी ते एप्रिल या काळात कामाचा मोठा ताण येतो. अशी संस्था ग्राहकाची कागदपत्रे संगणकीय स्वरूपात भारतातील कार्यालयाकडे पाठवते. तेथे रात्र होते तेव्हा आपल्याकडे कामाचा दिवस सुरू होतो. अहमदाबाद, हैदराबाद किंवा पुण्यातील वाणिज्य पदवीधर उत्पन्नाची वर्गवारी करतात, वजावटी तपासतात आणि विवरणपत्राचा मसुदा सिद्ध करतात. भारतातील वरिष्ठ सहकारी त्याची छाननी करतो. त्यानंतर मसुदा अमेरिकेत परततो, तेथील परवानाधारक लेखापाल तो पाहतो आणि त्यावर सही करतो.

या साखळीला नियमांची चौकटही आहे. १ जानेवारी २००९ पासून लागू असलेल्या अमेरिकी नियमांनुसार करदात्याची माहिती देशाबाहेरील विवरणपत्र तयार करणाऱ्याकडे पाठविण्यापूर्वी त्या करदात्याची लेखी संमती घ्यावी लागते. युरोपीय संघाचा माहिती संरक्षणाचा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला. भारतानेही २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा केला. माहिती हाच या साखळीतील कच्चा माल असल्याने तिच्या ये-जेचे नियम हेही व्यापाराचेच नियम ठरतात.

आता मोबदल्याची वाटणी पाहा. श्रमाचा मोठा भाग भारतात होतो, परंतु ग्राहक शुल्क देतो ते सहीमागील जबाबदारी आणि विश्वासासाठी. साहजिकच शुल्काचा मोठा वाटा सही करणाऱ्याकडे राहतो. शिवाय अमेरिकेत लेखापालाचा परवाना संघराज्य सरकार देत नाही, तो प्रत्येक राज्य देते. केवळ वॉशिंग्टनशी वाटाघाटी करून हा प्रश्न का सुटत नाही, हे यावरून लक्षात येईल.

चार प्रकार

सेवाव्यापारविषयक सर्वसाधारण करार, म्हणजेच गॅट्स, १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटनेसोबत अमलात आला. त्यात सेवापुरवठ्याचे चार प्रकार सांगितले आहेत. वरील विवरणपत्र संगणकाद्वारे सीमा ओलांडते, तो पहिला प्रकार होय. परदेशी कंपनीचे अधिकारी लवादाच्या कामासाठी मुंबईत येऊन येथील सेवा घेतात, तो दुसरा. भारतीय सल्लागार संस्था दुबईत शाखा उघडते, तो तिसरा. भारतीय अभियंता काही महिन्यांसाठी ग्राहकाच्या देशात जाऊन काम करतो, तो चौथा. एकच संस्था एकाच ग्राहकासाठी या चारही प्रकारांचा अवलंब करू शकते. त्यामुळे एक मार्ग अडला, की उरलेल्या तिन्हींचे मूल्य घटते.

चौथ्या मार्गाची अडचण सर्वपरिचित आहे. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० असून तेथील पदव्युत्तर पदवीधारकांसाठी आणखी २०,००० जागा आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांसाठी १ लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. व्हिसाची चर्चा वर्तमानपत्रांत होते, पात्रतेच्या मान्यतेची मात्र फारशी होत नाही. व्हिसा मिळालेल्या वास्तुविशारदालाही परक्या देशात स्वतःच्या नावाने आराखडा सादर करता येईलच असे नाही.

मान्यतेचा प्रश्न

गॅट्सचे सहावे कलम देशांतर्गत नियमनाविषयी, तर सातवे कलम मान्यतेविषयी आहे. सातवे कलम सदस्य देशांना परस्परांच्या पदव्या आणि परवाने मान्य करण्याची मुभा देते, सक्ती करीत नाही. लेखाकर्म क्षेत्रासाठी डिसेंबर १९९८ मध्ये नियमनाची शिस्त ठरविण्यात आली. दोहा फेरीत अशी शिस्त सर्वच सेवांना लागू व्हावी, असा आग्रह भारताने धरला होता. पुढे २०२१ मध्ये ६७ सदस्यांनी स्वतंत्रपणे असा समझोता केला, तेव्हा भारत त्यात सामील झाला नाही. सर्वसंमतीवाचून काही सदस्यांनी नियम करणे संघटनेच्या चौकटीत बसत नाही, ही भारताची भूमिका होती. आशय हवासा आणि मार्ग अमान्य, असा हा पेच आहे. परीक्षेच्या दृष्टीने त्याच्या दोन्ही बाजू अभ्यासाव्यात.

मान्यता मिळू शकते, याचे उदाहरणही आपल्याजवळ आहे. जून २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा स्थायी सदस्य झाला. त्यामुळे राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाने विहित स्तरावर अधिस्वीकृती दिलेल्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना सदस्य देशांत समकक्षता मिळाली. अर्थात व्यवसायाचा परवाना ही त्यापुढची पायरी राहते. येथे एक धडा स्पष्ट आहे. परक्याने आपली पदवी मान्य करावी यासाठी प्रथम आपली अधिस्वीकृती कठोर आणि विश्वासार्ह असावी लागते. दुय्यम दर्जाच्या महाविद्यालयाकडे काणाडोळा केला, तर त्याची किंमत चांगल्या महाविद्यालयाचा विद्यार्थीही मोजतो.

आपले दरवाजे

इतरांकडे मान्यता मागताना आपण काय देतो, हेही पाहिले पाहिजे. सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ यात परस्परतेचे तत्त्व आहे: जो देश भारतीयांना मज्जाव करतो, त्याच्या नागरिकांना येथे सदस्यत्व नाही. विधी क्षेत्रात मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये परदेशी विधी संस्थांना येथे वकिली करता येणार नाही असे स्पष्ट केले. पुढे भारतीय विधिज्ञ परिषदेने मार्च २०२३ मध्ये नियम प्रसिद्ध केले आणि मे २०२५ मध्ये ते सुधारले. त्यांनुसार परस्परतेच्या अटीवर परदेशी कायदा, आंतरराष्ट्रीय कायदा आणि आंतरराष्ट्रीय लवाद यांपुरता सल्ला देता येतो. भारतीय न्यायालयांत उभे राहता येत नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी व्यवसाय करणाऱ्या लहान वकिलाची किंवा लेखापालाची भीती खोटी नाही. मोठ्या परदेशी संस्थांचे भांडवल आणि नाव यांच्याशी त्याची बरोबरी होऊ शकत नाही. म्हणून दरवाजा टप्प्याटप्प्याने उघडणे योग्यच आहे. परंतु तो कायम बंद ठेवला, तर वाटाघाटीत देण्यासारखे आपल्या हाती काही उरत नाही.

पुढील वाट

या प्रश्नाला आता निकड आली आहे. वर्गवारी, आकडे भरणे, मसुदा करणे ही साखळीतील खालची कामे संगणकप्रणाली वेगाने आत्मसात करीत आहेत. मोठ्या संख्येने आपले पदवीधर याच पायऱ्यांवर उभे आहेत. स्वस्त श्रम हा आपला लाभ फार काळ टिकणारा नाही. टिकेल ते निर्णय घेण्याचे आणि जबाबदारी स्वीकारण्याचे काम, आणि त्यासाठी मान्यता लागते.

म्हणून व्यापार करारांत व्यावसायिक संस्थांमधील मान्यतेच्या बोलण्यांना कालमर्यादा असावी. तात्पुरत्या कर्मचाऱ्यांवरील दुहेरी सामाजिक सुरक्षा वर्गणीचा भारही दूर व्हावा. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार कराराच्या वेळी अशा कर्मचाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत सूट देण्याचे मान्य झाले, हे योग्य दिशेचे पाऊल आहे. आणि या साऱ्याबरोबर आपल्या शिक्षणाचा व व्यावसायिक परीक्षांचा दर्जा राखला गेला पाहिजे.

तुमच्यापैकी काही जण उद्या वाणिज्य मंत्रालयात, काही जण नियामक मंडळांत, तर काही जण राज्यांच्या शिक्षण विभागांत असतील. महाविद्यालयाच्या अधिस्वीकृतीची संचिका तुमच्या टेबलावर येईल, तेव्हा ती केवळ शिक्षणाची बाब समजू नका. देशाच्या निर्यातीची संचिका म्हणूनही ती वाचा.