माळरानावरील जीवदया
(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



एखाद्या ट्रस्टने पन्नास वर्षांत जीवदयेसाठी काय केले, याचा आढावा घेऊ लागले की पांजरपोळ, चारावाटप, पाणपोई, पक्ष्यांसाठी दाणापाणी आणि वृक्षारोपण ही कामे प्रथम डोळ्यांसमोर येतात. ही सर्व कामे स्तुत्यच आहेत. परंतु ती बहुतांशी गावातल्या आणि घराजवळच्या जीवांसाठी आहेत. कोपरगावहून मनमाड रस्त्याने येवला ओलांडून ईशान्येकडे गेले की जो कोरडा, विस्तीर्ण माळ लागतो, त्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या जीवांपर्यंत ही दया क्वचितच पोहोचते. संरक्षित वनातील आणि माळरानातील मूळ निवारा पुन्हा कसा उभा करतात, आणि त्या कामात श्रावकसमाजाचा हात कसा लागावा, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी नांदूर मधमेश्वर येथून गोदावरीचे डावे व उजवे कालवे निघाले आणि कोपरगाव तालुक्याचे रूप पालटले. जिथे पाणी पोहोचले तिथे ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले, बाजारपेठ बहरली. साहजिकच येथील माणसाच्या मनात हिरवे म्हणजे समृद्ध आणि पिवळे म्हणजे दरिद्री, असे समीकरण पक्के झाले. सरकारी दप्तरातही माळाची नोंद बहुधा 'पडीक' अशीच होत आली. वस्तुतः हा माळ रिकामा नाही. मारवेल, पवना, कुसळी अशी गवते, त्यांत घरटी करणारे चंडोल, जमिनीवर अंडी घालणारी टिटवी, खोकड, ससा, लांडगा आणि या सर्वांत देखणे काळवीट, असा मोठा संसार त्यावर नांदत असतो. श्री शांतिनाथ भगवंतांचे लांछन हरिण आहे, हे येथे कोणालाच सांगावे लागणार नाही.

येवला तालुक्यातील ममदापूर परिसरातील सुमारे ५४ चौरस किलोमीटर वनक्षेत्र २०१४ मध्ये काळविटांसाठी 'संवर्धन राखीव' म्हणून घोषित झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात २००२ साली जी दुरुस्ती झाली, तिने हा नवा प्रकार आणला. शासनाच्या मालकीच्या जमिनीवर, स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून असे क्षेत्र घोषित केले जाते आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत वनविभागाबरोबर ग्रामपंचायतींचे व स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी असतात. याच्या उलट आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य १९८० चे, परंतु अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे. तरीही तेथे काळविटांना अभय मिळाले आणि कळप वाढले. थोडी जागा आणि सातत्याची राखण यांचे फळ काय असते, हे रेहेकुरीने दाखविले.

आता मुख्य मुद्दा. काळविटाचे रक्षण त्याची नजर आणि त्याचे पाय करतात. दूरवरून शत्रू दिसला पाहिजे आणि पळायला मोकळे मैदान मिळाले पाहिजे. मग ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने धावणारा हा प्राणी सहसा कोणाच्या हाती लागत नाही. त्याच माळावर दाट झाडी उभी केली, की त्याला लांबचे दिसत नाही, कुत्री जवळ येईपर्यंत कळत नाही, आणि सावलीखाली त्याच्या खाण्याचे गवतही मरते. वृक्षारोपण हे पुण्यकर्म खरेच. पण ते गावठाणात, रस्त्याकडेला, बांधावर, ओढ्याकाठी आणि जिथे मुळात जंगल होते तिथे. अस्सल गवताळ माळावर केलेले वृक्षारोपण हे एकाला घर देताना दुसऱ्याला बेघर करणारे ठरते.

याचा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. १९७९ साली सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य घोषित झाले. त्याचा कागदोपत्री विस्तार जवळजवळ ८,५०० चौरस किलोमीटर होता आणि त्यात नेवासा, कर्जत, श्रीगोंदा या तालुक्यांचे भागही होते. माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. त्याला मोकळी दृष्टी हवी. नान्नज परिसरातील राखलेल्या गवताच्या भूखंडांनी त्याला आधार दिला, परंतु काही ठिकाणी गवतावरच गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली आणि पक्षितज्ज्ञांना त्यावर आक्षेप घ्यावा लागला. दुसरीकडे एवढ्या अवाढव्य क्षेत्रात शेते, गावे, बाजारपेठा सारेच आल्यामुळे लोकांना अभयारण्य म्हणजे जाच वाटू लागला आणि पुढे त्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करावे लागले. आज महाराष्ट्रात माळढोकाचे दर्शन जवळजवळ दुर्लभ झाले आहे आणि साऱ्या देशात हे पक्षी दीडशेच्या आत उरले आहेत. एका जीवाचे अस्तित्व संपत आले, तेव्हा त्याला काय हवे होते ते लोकांना समजले.

ही चूक केवळ भारतातच झाली असे नाही. इंग्लंडमध्ये 'हीथ' नावाचे झुडपी माळ आहेत. गेल्या दोन शतकांत त्यांतील फार मोठा भाग शेतीखाली, लागवडीखाली आणि वस्तीखाली गेला. आज तेथील निसर्गसंस्था उरलेल्या हीथवर उगवलेली पाइन व बर्च यांची रोपे काढून टाकतात आणि तट्टे व गुरे मुद्दाम चरावयास सोडतात. झाडे काढणे हेच तेथे निसर्गसेवेचे काम झाले आहे.

आपल्याकडे हा प्रश्न विलायती बाभळीने, म्हणजेच वेड्या बाभळीने, उभा केला आहे. गुजरातेत भावनगरजवळचे वेळावदर हे काळविटांचे राष्ट्रीय उद्यान पूर्वी संस्थानचे गवती कुरण होते. १९७६ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. पालिताण्याच्या यात्रेला जाणाऱ्यांना आणि वल्लभीपूरचे दर्शन घेणाऱ्यांना तो परिसर परिचित असेल. तेथेही ही बाभूळ गवतात शिरत राहते आणि ती वारंवार काढावी लागते. तिच्या शेंगा जनावरे आवडीने खातात, बी शेणावाटे दूरवर पडते, आणि वरून तोडलेले झाड बुंध्यातून पुन्हा फुटते. म्हणून ती मुळासकट निघाली पाहिजे आणि पुढील काही वर्षे त्याच जागी फिरून नवी रोपे उपटली पाहिजेत.

येथे श्रावकाच्या मनात एक शंका उभी राहते आणि ती झटकून टाकण्याजोगी नाही. वनस्पतीतही जीव आहे. पंधरा कर्मादानांत वनकर्म आणि अंगारकर्म सांगितले आहे. मग झाडे उपटण्याच्या कामाला धर्मादाय पैसा द्यावा काय? याचा अंतिम निर्णय साधु-साध्वीजींच्या मार्गदर्शनाने घ्यावा, हेच उचित. तथापि व्यवहारात दोन मर्यादा सहज पाळता येतात. पहिली, या तोडीपासून मिळणारे लाकूड अथवा कोळसा यांच्या विक्रीचा एक पैसाही ट्रस्टच्या खात्यात येऊ नये. नफ्याचा हेतू शिरला की दया संपली. दुसरी, मोठ्या झाडांची तोड वनविभागाने त्याच्या आराखड्यानुसार करावी आणि समाजाने आपला पैसा इतर कामांना द्यावा. त्याचबरोबर हेही ध्यानात घ्यावे, की वीतभर रोप वेळीच उपटण्यातील हिंसा अल्प असते. ते काम दहा वर्षे लांबविले तर त्या जागी राई उभी राहते, तिच्याखालचे गवत व गवतातील असंख्य जीव नाहीसे होतात आणि शेवटी कुऱ्हाड चालवावीच लागते. यतनेचा अर्थ काळजी, आणि काळजी वेळेवर घेतली तरच ती काळजी.

मग समाजाने निःशंकपणे करावी अशी कामे कोणती? पहिले काम विहिरींना कठडे बांधण्याचे. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात काळविटे शेतांकडे येतात आणि कठडा नसलेल्या विहिरींत पडतात. शेतकऱ्याच्या संमतीने बांधलेला एक कठडा अनेक वर्षे जीव वाचवितो आणि शेतकऱ्याची मुलेबाळेही सुरक्षित राहतात. दुसरे काम पाणवठ्यांचे. पाणवठा उथळ हवा, त्याची कड उतरती हवी, म्हणजे पाडस आत पडून बुडणार नाही. तो रस्त्यापासून व वस्तीपासून दूर असावा आणि नियमित साफ व्हावा. चैत्रात उद्घाटन होऊन वैशाखात कोरडा पडलेला पाणवठा जनावरांची फसवणूक करतो.

तिसरे काम गवताचे. पावसाळ्यानंतर देशी गवतांचे बी पिकते. ते गोळा करून, सुकवून पुढच्या पावसाच्या तोंडावर उजाड जागी पेरता येते. बी पडेपर्यंत कुरण राखले आणि मग आळीपाळीने काही भाग कापला, काही उभा ठेवला, तर पक्ष्यांना आडोसा राहतो आणि जनावरांना चाराही मिळतो. वनविभागाच्या परवानगीने कापलेले असे गवत रास्त भावाने विकत घेऊन पांजरपोळास पुरविता येईल. १९७२ च्या दुष्काळात चाऱ्याची किंमत काय होती, हे ज्येष्ठांच्या स्मरणात असेलच. चौथे काम जाळरेषांचे. वाळलेल्या गवतात वणवा क्षणात पसरतो. उन्हाळ्यापूर्वी पट्टे साफ करून ठेवल्यास आग अडते. वणवा टाळणे याहून मोठे अभयदान त्या माळावर दुसरे नाही.

या सर्वांत शेतकरी व मेंढपाळ यांना विसरून चालणार नाही. काळवीट दिवसा माळावर देखणे दिसते, पण रात्री उगवत्या पिकात शिरते. पीकनुकसानीची शासकीय भरपाई असते. परंतु पंचनामा, अर्ज, कागदपत्रे या वाटेने जाताना लहान शेतकरी थकतो. ज्या समाजात हिशेब जाणणारी, अर्ज लिहिणारी माणसे घरोघरी आहेत, त्याने आठवड्यातून एक दिवस एखाद्या गावी बसून हे अर्ज भरून दिले, तर ती काळविटांचीच सेवा होईल. ज्याचे नुकसान भरून निघते, तो जनावरावर कुत्री सोडत नाही.

अखेरीस हिशेबाविषयी. वृक्षारोपणाच्या अहवालात लावलेल्या रोपांची संख्या असते, जगलेल्या झाडांची क्वचितच असते. माळाच्या कामात तसे होऊ नये. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच ठरावीक जागी गवत किती, बाभळीची नवी रोपे किती, कळपात पाडसे किती, याची नोंद वनकर्मचाऱ्यांच्या सोबतीने व्हावी. वनजमिनीवर परवानगीविना काही करता येत नाही आणि करूही नये. तसेच निधी एका दिवसाच्या समारंभात न संपविता ठेव म्हणून ठेवावा आणि त्याच्या व्याजातून किमान दहा वर्षे एकाच क्षेत्राची राखण व्हावी. माळ नासायला एक पावसाळा पुरतो. सावरायला अनेक लागतात.

तत्त्वार्थसूत्रकारांनी जीवांचा परस्परांवरील उपकार सांगितला आहे. श्री नेमिनाथांनी वधासाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून विवाहमंडपाकडे पाठ फिरविली, कारण त्यांनी आधी ऐकले. माळावरचे मुके जीव काय मागतात, ते ऐकून मग दान द्यावे, एवढीच या सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजाला नम्र विनंती.

जय जिनेंद्र.