आहाराचा परिसर आणि स्थूलता
(भाषणाचा सारांश)

स्थूलता हा सुखवस्तू लोकांचा विकार होय, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. ज्या राज्यात बालकांच्या कुपोषणाविरुद्धचा लढा अद्याप संपलेला नाही, तेथे लठ्ठपणाची चर्चा करणे अनेकांस अप्रस्तुत वाटते. परंतु २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील आकडे या समजुतीस छेद देणारे आहेत. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २१ टक्के स्त्रियांचे वजन उंचीच्या मानाने कमी आढळले, तर सुमारे २३ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर अधिक आढळले. पाच वर्षांखालील बालकांपैकी ३५ टक्के खुरटलेली होती. त्याच वयोगटात अतिवजनाचे प्रमाण २०१५-१६ मधील १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेले होते. उपासमार आणि अतिपोषण ही दोन्ही संकटे आज एकाच गावात, प्रसंगी एकाच घरात नांदत आहेत.

पुण्याजवळील गावांचा धडा

या दोन संकटांमधील नाते उलगडण्याचे मोठे कार्य महाराष्ट्रातच झाले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळील सहा गावांत गर्भवती मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील अर्भकांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम होते. मात्र वजन कमी असूनही पुण्याकडील अर्भकांच्या शरीरातील चरबी त्या मानाने घटलेली नव्हती; उणीव प्रामुख्याने स्नायूंची होती. दिसावयास कृश, पण चरबी राखून असलेल्या अशा शरीरास पुढे अतिरिक्त साखर व तेल मिळाले, तर मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणून कालच्या अर्धपोटी पिढीच्या दारात आज स्वस्त, गोड व तळलेल्या पदार्थांचा सुकाळ होणे ही दुहेरी चिंतेची बाब होय.

परिसर म्हणजे काय?

मनुष्य काय खातो हे केवळ त्याच्या इच्छेवर अवलंबून नसते. हाताशी कोणते पदार्थ आहेत, त्यांची किंमत किती, ते शिजविण्यास वेळ आहे काय, आणि डोळ्यांसमोर सतत कशाची जाहिरात आहे, या सर्वांचा मिळून आहाराचा परिसर बनतो. २०२२-२३ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीनुसार देशातील ग्रामीण कुटुंबांच्या मासिक खर्चात धान्याचा वाटा ४.९१ टक्के होता, तर पेये, फराळ व तयार खाद्यपदार्थांचा ९.६२ टक्के. त्यात चहा व बाहेरचे जेवणही समाविष्ट आहे. तरीही बदलाची दिशा स्पष्ट आहे. पाच रुपयांचा पुडा आडगावातील किराणा दुकानातही मिळतो. ताजे फळ मात्र आठवडी बाजाराची वाट पाहावयास लावते.

मोबाइलमुळे आलेला बदल

पूर्वी अभ्यासक नकाशा घेऊन हिंडत. दुकाने, टपऱ्या व भाव यांची नोंद करीत. आज तेवढे पुरेसे नाही. शहरात दहा किलोमीटरवरील उपाहारगृह मोबाइलमुळे उंबरठ्याशी आले आहे. खेड्यात घरपोच सेवा नसली तरी जाहिरात पोहोचते. ती चलच्चित्रांत व खेळांत अशी मिसळलेली असते की, बालकास ती जाहिरात म्हणून ओळखताही येत नाही. यास्तव मुलांच्या व पालकांच्या संमतीने पडद्यावरील जाहिरातींची नोंद करण्याची पद्धती जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय कार्यालयाने आखून दिली आहे.

अशा अभ्यासात एक सावधगिरी आवश्यक असते. दुकाने अधिक तेथे स्थूलता अधिक, एवढ्यावरून दुकानांमुळेच ती वाढली असे सिद्ध होत नाही. जेथे मागणी असते तेथे दुकानेही जातात. लंडनच्या सार्वजनिक वाहतुकीत फेब्रुवारी २०१९ पासून अपायकारक खाद्यपदार्थांच्या जाहिरातींस बंदी झाली. तेव्हा संशोधकांनी तेथील कुटुंबांच्या खरेदीची तुलना उत्तर इंग्लंडमधील कुटुंबांशी केली. बंदी नसती तर झाली असती त्या मानाने लंडनमधील प्रत्येक कुटुंबाच्या अशा पदार्थांच्या खरेदीत आठवड्यास सुमारे एक हजार कॅलरींची घट आढळली. परिसर बदलला की सवयही बदलू शकते, असे या उदाहरणावरून दिसते.

गावाच्या हाती काय आहे?

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनुसार चरबी, मीठ वा साखर अधिक असलेले पदार्थ शाळेत, तसेच शाळेच्या प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत शाळकरी मुलांना विकण्यास व त्यांची जाहिरात करण्यास मनाई आहे. अंतर मोजण्यास ना तज्ज्ञ लागतो, ना निधी. शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांनी एका सकाळी शाळेभोवती फेरी मारून काय विकले जाते, याची यादी केली तरी तो गावाचा पहिला अभ्यास ठरेल. टपरीवाल्याचेही पोट त्या व्यवसायावर आहे, हे विसरून चालणार नाही. त्यास केवळ हुसकावण्याऐवजी भाजलेले शेंगदाणे, चणे, केळी, पेरू, ताक यांची विक्री करण्यास साहाय्य दिल्यास नियम टिकेल व रोजगारही टिकेल.

मोबाइलच्या पडद्यास मात्र ५० मीटरची मर्यादा नाही. तेथे शासनाचे नियमन आणि घरातील शिस्त या दोहोंची गरज आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना पेये व खाऊ यांतील साखर दर्शविणारे फलक लावण्याची सूचना दिली. असा फलक कोणत्याही जिल्हा परिषद शाळेत खडूनेही लिहिता येईल.

अंगणवाडीतील वजनकाटा आजवर मुख्यतः उणे वजन शोधण्यासाठी वापरला गेला. ते काम तसूभरही कमी न करता, त्याच काट्याने उंचीच्या मानाने वाढलेले वजनही टिपावयास हवे. भूक भागविणे आणि आरोग्य राखणे ही दोन कर्तव्ये परस्परविरोधी नाहीत. सकस अन्न हेच दोहोंचे उत्तर होय.