पोलीसभरती आणि शरीरसाधना



आपली अनेक मुलेमुली पोलीसभरतीची आकांक्षा बाळगून आहेत. महाराष्ट्रात शिपाईपदाच्या शारीरिक चाचणीस 50 गुण असतात. पुरुषांस 1600 व स्त्रियांस 800 मीटर धावावे लागते. गोळा अनुक्रमे 7.260 व 4 किलोचा. येथे स्त्रीपुरुषभेद मानला आहे, वयोभेद मात्र नाही. 18 वर्षांचा कुमार आणि तिशी ओलांडलेला सवलतीचा उमेदवार यांस घड्याळ एकच! म्हणून थोराने अभ्यास अधिक आधी आरंभावा व हळूहळू वाढवावा. झारखंडात 2024 साली भरतीच्या धावेत तरुण प्राणांस मुकले. भरती पुन्हा निघते. गेलेला जीव परतत नाही. मातापित्यांनो, आधी डॉक्टरांकडून प्रकृती तपासून घ्या. मग मुलाबरोबर मुलीलाही पहाटे मैदानावर धाडा, एवढीच विनंती.